या, बसा

१

कंपनीची बस मला हायवेवर सोडते. तिथून आमच्या खोल्यांपर्यंत कच्चा रस्ता आहे आणि दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी. सुपा एमआयडीसीत गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीत मी कामाला आहे. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून आलेल्या असतात, तरी त्या रस्त्यानं मी भरभर चालायचे आणि दाराशी आले की थांबायचे.

आत यंत्र फिरत असायचं. माझे मिस्टर, वैजनाथ, बोअरच्या मोटारी भरतात. जळालेल्या मोटारीतली तार काढायची, हातानं फिरवायच्या लहानशा यंत्रावर नवी तांब्याची तार गुंडाळायची, तिचे वेढे मोटारीत बसवायचे. आजारपणानंतर चौकातलं दुकान सोडावं लागलं, पण हातांना काम आठवत होतं, म्हणून सामान घरीच आणलं. बाहेरच्या खोलीत वेढ्यांना लावायच्या वॉर्निशचा वास कायमचा राहिला. मी दाराबाहेर उभी राहून त्या हँडलची करकर ऐकायचे. ते ऐकत असेपर्यंत सगळं पूर्वीसारखं असायचं.

उंबऱ्यावर पाय पडला की करकर थांबायची. वैजनाथ मान वर करायचे आणि म्हणायचे, "या. बसा."

लग्न झाल्यापासून हा माणूस मला 'जये' म्हणत आला होता. मी दारात आले की ते हातातलं काम न थांबवता नुसत्या भुवया उचलून विचारायचे, "आलीस?" त्या एका शब्दासाठी मी ओव्हरटाइम सोडून पळत यायचे. आता ते सतरंजीवर सरकून मला जागा करून द्यायचे, पाहुणीला करतात तशी.

"जया अजून यायचीय," ते म्हणायचे. "तुमी पानी घ्या."

"अहो, मीच जया आहे."

ते माझ्याकडे नीट बघायचे. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं. मग मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणायचे, "दिसता तशाच. पन तुमी ती न्हाई."

२

आदल्या वर्षी त्यांच्या मेंदूत ताप गेला होता. नगरच्या दवाखान्यात ते बरेच दिवस बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं. कर्जतची जमीन, शाळेतली पोरं, कुठल्या मोटारीला किती जाडीची तार लागते, लग्नात कोण रुसलं होतं. फक्त उशाशी बसलेल्या मला ते म्हणाले, "सिस्टर, माझ्या बायकोला बोलवा."

डॉक्टर मारिया स्मृतीच्या तक्रारी बघायच्या. त्यांनी वैजनाथच्या बोटांना चिमटे लावले आणि समोरच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवला. ओळखीचा की अनोळखी, एवढंच वैजनाथनी सांगायचं. शेजारच्या पडद्यावर एक रेघ चालत होती, मनात काही हललं की हलणारी. सासूबाईंचा फोटो आला तेव्हा रेघ जरा थरथरली. रडणाऱ्या एका परक्या पोराचा आला, तेव्हाही थोडी हलली. मग माझा आला.

"ही आमच्या मंडळीसारखी हाय," वैजनाथ म्हणाले. रेघ सरळ चालत राहिली. इतकी सरळ, की मला वाटलं मशीन बंद पडलं.

नंतर डॉक्टर मला म्हणाल्या, "चेहरा कुणाचा आहे हे त्यांना कळतं. पण आपलं माणूस दिसलं की आत जी माया दाटून येते ना, तीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तापानं ती वाट बिघडलीय."

"पण चेहरा तर माझाच दिसतो ना त्यांना?"

"म्हणून तर अवघड आहे. चेहरा बरोबर आणि आत काहीच वाटत नाही. मग मन म्हणतं, ही ती नव्हे, तिच्यासारखी दुसरी कुणीतरी आहे. ओळख पटवताना माणूस डोळ्यांपेक्षा मनाचं जास्त ऐकतो, जयाताई. उलटही होतं. मनात फार आस असली की कधी न पाहिलेला माणूससुद्धा ओळखीचा वाटायला लागतो."

मग त्या म्हणाल्या, "आवाजाची वाट वेगळी असते. बाहेर जाऊन त्यांना फोन करून बघा."

मी पॅसेजमध्ये औषधांच्या खोक्यांपाशी उभी राहून फोन लावला. काचेतून मला ते दिसत होते. त्यांनी फोन कानाला लावला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जये," ते म्हणाले, "कुठं हायेस तू? किती दिस वाट बघतोय."

काचेतून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे बघावं तसं, आणि पाठ फिरवून ते फोनवर हळू आवाजात माझ्याशी बोलत राहिले.

३

तेव्हापासून मी कँटीनमधून रोज फोन करायचे. डबा तसाच राहायचा. जेवायच्या सुट्टीत, डिशेस आपटण्याच्या आवाजात, मी कुणाची तरी बायको असायचे.

"इथं सांजच्याला एक बाई येती," एकदा ते म्हणाले. "सैपाक करती, भांडी घासती. तुझ्यावानी दिसती लई. बिचारीला कुनी नसंल."

"तुम्ही नीट बोलता ना तिच्याशी?"

"बोलतो की. या, बसा म्हनतो." मग आवाज खाली करून म्हणाले, "पन तू ये लवकर. ती आली की मला भ्या वाटतं."

त्या संध्याकाळी मी भाकरी थापताना पाठ त्यांच्याकडे ठेवली. माझा चेहरा त्यांना कमी दिसावा म्हणून.

एक दिवस कंपनीत बाहेरचे पाहुणे यायचे होते, म्हणून सगळ्यांचे मोबाईल गेटवर जमा करून घेतले. फोन करता आला नाही. संध्याकाळी दाराशी आले तर आतून गुणगुणणं ऐकू आलं. मी आत पाऊल टाकलं, तरी यंत्र थांबलं नाही.

"या, बसा," ते म्हणाले, पण आवाजात सुख होतं. "आज जया येऊन गेली. दुपारभर हुती."

मी हसल्यासारखं केलं. मग माझं लक्ष त्यांच्या डोक्याकडे गेलं. केसांना तेल लावलेलं होतं, चांगलं मुरवून, आणि भांग डावीकडून पाडला होता. असा भांग मी पाडते. ते स्वतः कधीच भांग पाडत नाहीत, नुसती बोटं फिरवतात. ताप आल्यापासून त्यांनी मला डोक्याला हात लावू दिला नव्हता.

मोरीत दोन कप धुऊन पालथे ठेवले होते.

शेजारच्या खोलीत बिबीजान चाची राहतात. दिवसा त्या मधूनमधून वैजनाथकडे डोकावतात. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"चाची, आज यांच्याकडे कुणी आलं होतं का?"

"कोन येनार?" त्या म्हणाल्या. "तूच हुतीस की दुपारी. सुट्टी काडली हुती ना? मी म्हटलं, चला, आज दोघं बोलत बसलेत, कशाला मधे जावं."

"तुम्ही मला पाहिलंत?"

"बघितलं न्हाई. आवाज आला. तुजा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

४

माझ्या डोक्यानं कारणं शोधायला सुरुवात केली. त्यांच्या मोबाईलमध्ये आमचे जुने व्हिडिओ होते. माझं बोलणं त्यात होतं. ते लावून बसले असतील. तेल स्वतःच लावलं असेल, हातांना आठवलं असेल. दुसऱ्या कपात पुन्हा चहा घेतला असेल. प्रत्येक गोष्टीला कारण मिळालं. तरी रात्री ते झोपल्यावर मी जवळ जाऊन त्यांच्या केसांचा वास घेतला, आणि मला जे वाटलं ते भीतीपेक्षा वेगळं होतं. मला हेवा वाटला.

पुढच्या दिवसांत असं वरचेवर होऊ लागलं. कधी ते जेवलेले असायचे आणि ताटात माझ्या पद्धतीनं चिरलेला कांदा उरलेला असायचा. कधी सदऱ्याचं तुटलेलं बटण लावलेलं असायचं. मी काही विचारायचे नाही. नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघायचे. दवाखान्यातून आल्यापासून त्या तोंडावर आलेला परकेपणा हळूहळू कमी होत होता. मी समोर आले की तो परत यायचा.

एका दुपारी कँटीनमधून फोन लावला. फोन उचलला गेला आणि माझ्या कानात यंत्राची करकर आली. सरळ, एका लयीत.

"जेवलात का?" मी विचारलं.

"आत्ताच तर जेवलो." ते गोंधळलेले वाटले. "जये, फोन कशाला करतीस? इथंच बसलीस की."

"तुम्ही काय करताय?"

"काय न्हाई. तार धरलीय."

तार ताणून धरायला एक हात लागतो. दुसऱ्या हातात फोन होता. हँडल फिरतच होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दुकानात मदतीला कुणी नव्हतं, तेव्हा मी हँडल फिरवायचे आणि वेढे मोठ्यानं मोजायचे. चुकले की ते हसायचे आणि सगळी तार पुन्हा सोडायला लावायचे. मी फोन कानाशी घट्ट धरला. करकरीच्या मागे कुणीतरी मोजत होतं. बारीक आवाजात, न थांबता. आपला आवाज बाहेरून कसा येतो, हे कुणालाच नीट माहीत नसतं. पण एका आकड्याशी तो अडखळला, हसला आणि पुढे गेला.

शेजारी बसलेली दिपाली माझ्यासोबत लाइनवर काम करते. ती म्हणाली, "काय झालं गं? डोळे कशानं भरले?"

"काही नाही," मी म्हटलं. मला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. मनात फार आस असली की नसलेलंही ओळखीचं वाटतं. त्यांचा मेंदू तापानं बिघडला होता. माझा वाट बघून बघून बिघडला असेल, तर त्यात नवल नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. कंपनीची बस त्या वेळेला नसते. एका टेम्पोवाल्यानं हायवेपर्यंत सोडलं. ऊन पांढरं झालं होतं. बाभळींतून वारासुद्धा येत नव्हता, त्यामुळे खोल्या दिसायच्या आधीच यंत्राचा आवाज ऐकू आला.

बिबीजान चाची दारात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या दाराकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"तू कवा भाईर आलीस?" त्या म्हणाल्या.

"आत्ताच येतेय, चाची. कंपनीतून."

"न्हाई गं." त्यांचा आवाज बारीक झाला. "आत्ता आत गेलीस ना तू? बादली घेऊन. मी बघितलं."

मी आमच्या दाराकडे वळले. दार नुसतं लोटलेलं होतं. उंबऱ्याच्या आत ओल्या पावलांचे ठसे होते, फरशीवर सुकत चाललेले. ते बाहेरच्या खोलीतून आत गेले होते. परत आलेले दिसत नव्हते.

मी दार ढकललं, तशी करकर थांबली.

खोलीत वैजनाथ एकटेच होते. त्यांच्या डाव्या हातात तार होती. यंत्राच्या पलीकडे, सतरंजीवर, कुणी बसून उठल्यासारखी घडी पडली होती. आतल्या खोलीचा पडदा हलत होता. वारा नव्हता, हे मी आत्ताच सांगितलं.

त्यांनी मान वर केली. मी 'या, बसा' ऐकायची तयारी केली.

त्यांनी भुवया उचलल्या. "आलीस?"

एवढंच. तेच बघणं, तोच सूर.

"काय विसरली हुतीस?" ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं. ते मला ओळखत नव्हते. मला ती समजत होते. आत्ता इथून उठून आत गेलेली, आणि तीच परत आलेली. त्यांच्यापर्यंत पोचलेली माया तिच्यासाठी होती. मधे मी उभी राहिले होते.

मी आतल्या खोलीकडे जायला हवं होतं. पडदा बाजूला करायला हवा होता. अगदी दोन पावलांचं काम होतं. पण मी तिकडे गेले तर इकडे पाठ होणार होती. पुन्हा वळेन तेव्हा ते माझ्याकडे कसे बघतील, हे मला माहीत नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं. "असंच." आणि मी सतरंजीवरच्या त्या घडीवर जाऊन बसले. ती जागा कोमट होती.

"फिरव," ते म्हणाले. "मोजायला चुकू नको."

मी हँडल हातात घेतलं.

६

ती दुपार कशी गेली, ते मी सांगू शकत नाही, कारण सांगण्यासारखं काही झालंच नाही. तार फिरत राहिली. मी मोजत राहिले. एकदा त्यांनी माझ्या हातावर चढलेला वॉर्निशचा डाग आपल्या अंगठ्यानं पुसला आणि अंगठा तसाच ठेवला. मला 'जये' म्हणाले, समोर बघून, किती वेळा कुणास ठाऊक. मी चुकले तेव्हा ते हसले. आतल्या खोलीत एकदा बादलीची कडी वाजल्यासारखी वाटली. मी मोजायचा आवाज वाढवला.

ऊन उतरलं. हायवेकडून कंपनीच्या बसचा हॉर्न आला, तशी वैजनाथनी तार खाली ठेवली.

"आता ती येईल," ते म्हणाले.

"कोण?"

"ती बाई. सांजची येती ती." त्यांनी माझ्याकडे अजीजीनं पाहिलं. "वाईट न्हाई ती. पन आज नको. तू कडी लाव."

तिन्हीसांजेला दार लावू नये, असं माझी आई सांगायची. मी उठले. जाताना मी स्वतःला समजावलं, की यांचं मन राखायचं आहे, नुसती कडी तर लावायची. कोण येणार आहे? येणारी मी इथं उभी आहे. मी कडी लावली आणि परत येऊन त्यांचा हात धरून बसले.

थोड्या वेळानं रस्त्यावर चपला वाजल्या. दमलेल्या बाईची चाल होती, डावा पाय जरा ओढत टाकणारी. चपला दाराशी आल्या आणि थांबल्या. ती बाहेर उभी राहून ऐकत होती. आत काय ऐकू यावं म्हणून ती थांबली आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी हँडलकडे पाहिलं. मी ते फिरवलं नाही.

कडी वाजली.

"अहो," बाहेरून आवाज आला. "दार उघडा. मी आलेय."

वैजनाथनी माझी बोटं घट्ट धरली.

"अहो, बरं वाटत नाही का? आज फोनही उचलला नाही तुम्ही."

दाराशेजारच्या खिडकीला खडबडीत काच आहे. तिच्यावर एक सावली आली. कुणीतरी दोन्ही तळवे डोळ्यांशी धरून आत बघायचा प्रयत्न करत होतं. काचेच्या एका कोपऱ्याला टवका उडालेला आहे, तेवढ्यातून मला दिसलं. कपाळाचा थोडा भाग, घामानं चिकटलेले केस, एक डोळा. डोळा खोलीभर फिरला आणि माझ्यावर येऊन थांबला.

सगळं बरोबर होतं, हे मी शपथेवर सांगेन. माझ्या भुवईपाशी आहे तो तीळसुद्धा. मी त्या डोळ्याकडे बघत राहिले आणि कीव येण्याची वाट बघितली. आली नाही. बसमधून उतरताना एखादी अनोळखी बाई दिसावी, तसं वाटलं. ती बिचारी दमलेली होती, एवढंच.

"कोन हाय?" वैजनाथनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "कुणीतरी बाई आहे."

बाहेर बिबीजान चाचींचा आवाज आला. "पुन्हा कवा भाईर गेलीस गं? झोपला आसंल तो. चल, माझ्याकडं बस जरा, चा घे. पायावर उभं ऱ्हावत न्हाई तुला." मग दोघींची पावलं लांब गेली. शेजारच्या खोलीत कपबशी वाजली. भिंत पातळ आहे. त्या भिंतीपलीकडे कुणीतरी हलक्या आवाजात रडत होतं, आणि चाची म्हणत होत्या, "ओळखंल गं. एक दिस ओळखंल तुला."

खोलीत अंधार होत गेला. यंत्र दिसेनासं झालं, मग आतला पडदा, मग आमचे हात. वैजनाथनी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. मी त्यांच्या केसांतून बोटं फिरवत होते. तेल लावलेलं होतं, चांगलं मुरलेलं.

"जये," ते म्हणाले, "दिवा लाव."

"लावते," मी म्हटलं. "थोड्या वेळानं."

दिवा लावला असता तर शेजारी कळलं असतं, की घरात कुणीतरी जागं आहे.